तोंडी लावायला कॉम्प्युटर

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या थोरल्या लेकीने तत्त्वज्ञान शिकायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी चालतं मशीन थांबवलं आणि भावाला बोलावून घेतलं. मामा विमा विकायचा. त्यामुळे संकट त्याला दुरूनच दिसायचं.

"शीक बाई तत्त्वज्ञान," तो भाचीला म्हणाला, "पण तोंडी लावायला कॉम्प्युटर घे. पोट त्यानेच भरेल."

असा मुख्य विषय तत्त्वज्ञान आणि दुय्यम विषय कॉम्प्युटर ठरला, आणि पोरगी दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तशी राहू लागली. तत्त्वज्ञानाच्या तासाला तिने उत्तर पायऱ्या पाडून लिहिलं, तर मॅडम म्हणाल्या, "अगं, हा विचार आहे, प्रोग्राम नाही." लॅबमध्ये तिने "हे असंच का?" विचारलं, तर सर म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." सारखं 'का, का' करते म्हणून लॅबमधल्या मुलांनी तिचं नाव 'काकू' ठेवलं.

शेवटच्या वर्षी कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टसाठी तिची जोडी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाशी लागली. त्याला सगळे 'रॉकेट' म्हणत. परीक्षेच्या दिवसांत वाचनालयात जागा पुरत नसत. त्या कुणाला द्यायच्या, हे प्रोग्रामने ठरवायचं होतं.

"सोपं आहे," रॉकेट म्हणाला. "एखाद्या विषयात नापास असेल तो बाहेर. उरलेल्यांत जास्त मार्कवाले आधी."

"अरे, पण अभ्यासाची गरज नापासालाच जास्त ना?"

"काकू, इथे फिलॉसॉफी नको. उद्या दाखवायचंय."

ती बरीच भांडली. शेवटी दमली आणि त्याचा नियम तिनेच लिहून काढला, अगदी चोख.

दुसऱ्या दिवशी भरवर्गात रॉकेटने ऐटीत स्वतःचंच नाव घातलं. स्क्रीनवर उमटलं, 'क्षमस्व, आपल्यासाठी जागा नाही.'

"काहीतरी बिघडलंय!" तो ओरडला.

सरांनी तपासलं. काहीच बिघडलं नव्हतं. नीतिशास्त्राच्या सक्तीच्या पेपरात रॉकेट नापास होता, आणि असल्या विषयाचा निकाल बघण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते.

वर्ग हसून लोळला. तिला मात्र त्याच्याकडे बघवेना.

"सर, नियमच चुकलाय," ती म्हणाली. "मी लिहिलाय."

"नियम उत्तम चालतोय," सर म्हणाले. "दोघांना पूर्ण मार्क."

त्या संध्याकाळी दोघांनी बसून नियम बदलला. या वेळी 'का' विचारत होता तो रॉकेट. वाचनालयाने मात्र पहिलाच प्रोग्राम घेतला. पूर्ण मार्क त्या प्रोग्रामला होते.

पुढे तिला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मामा गावभर सांगत सुटला, "बघा, कॉम्प्युटरने तारलं!" मुलाखतीत कॉम्प्युटरचा एकही प्रश्न आला नव्हता, हे तिने त्याला सांगितलं नाही. बिचाऱ्याचं मन कशाला मोडा?

"पण तू करतेस काय तिथे?" आईने एकदा विचारलं.

"मशीन लोकांना 'नाही' म्हणतं ना, ते न दुखावता आणि खरं कारण देऊन म्हणायला शिकवते."

आईने दोरा दाताने तोडला. "मग मलाही शिकव. काल कापड टाकून आज ड्रेस मागणाऱ्या तिघी बाहेर बसल्यात."