उंदरासाठी बंदूक

त्या उंदराला मी मारणार होतो आणि मरताना त्याला कळावं, का मारतोय ते, अशी माझी इच्छा होती. दुसरी इच्छा पूर्ण होणार नाही हे मला समजत होतं. म्हणून पहिलीवर मी जास्त मेहनत घेतली.

कुवेतमध्ये सुलैबियातल्या फरशा आणि नळांच्या गोदामात मी खरेदी बघतो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिथेच दादाचा फोन आला. "आण्णांचं काही खरं नाही. आहेस तसा नीघ." दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं. पासपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच होता. मंगफला घरीसुद्धा न जाता अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली आणि सहाव्या रिंग रोडवर ती मधल्या लेनमध्ये बंद पडली. आधी सगळे दिवे एकदम लागले, मग एकदम गेले. एसीही गेला. मागून हॉर्न, वर ते ऊन. टॅक्सी यायला पाऊण तास लागला. विमानतळावर काउंटर बंद झालेलं. तिथल्या मुलीने मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मी पोचलो तेव्हा दादाने अग्नी दिलेला होता. ते सगळं मी मंगफच्या घरात सोफ्यावर बसून मोबाइलवर पाहिलं. मधे दोनदा रेंज गेली.

तेरावा करून परतलो. गॅरेजमधल्या मल्याळी मेकॅनिकने बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी दाखवल्या. दातांच्या खुणा इतक्या स्वच्छ होत्या की कुणी बारीक कात्री चालवली असावी असं वाटलं. "गाडीत खायचं काही ठेवता का?" त्याने हिंदीत विचारलं. मी जवळजवळ खेकसलोच त्याच्यावर. गाडी म्हणजे काय स्वयंपाकघर आहे?

उंदीर गोदामातला होता, यात मला शंका नव्हती. आमच्याकडे खायला काही नाही, पण शेजारी कोंबड्यांच्या खाद्याचं गोदाम आहे. तिकडून ते येतात आणि आमचे पुठ्ठे फाडतात. माझा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. भिंतीलगत सात गाड्या रोज उभ्या असतात. सहांना त्याने तोंड लावलं नाही. माझीच का? मी त्याचं काय वाकडं केलं होतं? जितका विचार करावा तितकी तळपायाची आग मस्तकात जायची. माझ्या इथल्या वीसबावीस वर्षांत त्याला एकदाच माझी गाडी बंद पाडायची होती आणि त्याने बरोबर तोच दिवस निवडला.

बायको नर्स आहे, तिचं डोकं थंड. "चिकट पुठ्ठा ठेवा नाहीतर गोळ्या टाका," ती म्हणाली. गोळी खाल्ली की तो कुठेतरी भिंतीत जाऊन मरणार. मला तो समोर हवा होता.

"अहो, उंदीर आहे तो. त्याला काय माहीत तुमचं विमान?"

"माहीत नाही म्हणूनच," मी म्हणालो. याला काय अर्थ आहे, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

योगायोगाने आमच्या मुदीरनेच, म्हणजे मालकाने, विषय काढला. वयस्कर कुवेती माणूस, माझ्याशी अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत बोलतो. पुठ्ठ्यांच्या नासाडीला तो कंटाळला होता. एअर रायफल घेऊ म्हणाला. कागदपत्रं त्याची, निवड माझी. नळाची चकतीसुद्धा मी तीन ठिकाणी विचारून घेतो, हे त्याला ठाऊक होतं.

डोक्यावर केसांचे खुंट उगवत होते तेवढे दिवस मी फक्त बंदुकाच पाहिल्या. नळी मोडून स्प्रिंग दाबायची जात वेगळी, आधी टाकीत हवा भरून ठेवायची वेगळी. टाकीवाली शांत आणि नेमाला पक्की, पण तिच्यासाठी पंप लागतो, वॉशर खराब होतात. स्प्रिंगवाली खांद्याला दणका देते. तो दणका मला चालणार होता, किंबहुना हवाच होता. छर्रा लहान घेतला तर सरळ आणि वेगात जातो, आरपार जाऊ शकतो. मोठा छर्रा संथ, पण लागला की बसतो. टोक चपटं की गोल, यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. मुलगा मागून डोकावला. "बाबा, धिस इज क्रीपी," म्हणाला आणि गेला.

आण्णांच्या आजारपणात मी इतका वेळ कशालाच दिला नव्हता. त्यांचा शेवटचा फोन दोन मिनिटांचा होता, तोही शेंगांबद्दल. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते घरामागच्या तुकड्यात भुईमूग लावायचे आणि कुवेतला निघालेल्या कुणाच्याही गळ्यात पिशवी मारायचे. "शेंगा कशा निघाल्या?" "छान आहेत. संपत आल्या," मी म्हणालो. "मग पुढच्या खेपेला जास्त धाडतो," ते म्हणाले आणि खुशीत फोन ठेवला.

चारनंतर दुकानं उघडतात. मुदीरची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून आम्ही माझ्या गाडीने गेलो. दुकानदाराने तीन बंदुका काचेवर मांडल्या आणि विचारलं, कशासाठी?

"फार," मुदीर म्हणाला. अरबीत उंदराला फार म्हणतात.

दुकानदाराने सगळ्यात हलकी पुढे केली. गोदामातलं अंतर कमी, जोर जास्त झाला तर फरशा फुटतील. बोलणं बरोबर होतं. मी मात्र सगळ्यात जड उचलली. मोठ्या छर्ऱ्याची, स्प्रिंगवाली. नळी मोडताना दोन्ही हातांचं बळ लागलं आणि मला फार बरं वाटलं. दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरचा एक डाग धरला. डागाला मी मनातल्या मनात शेपूटही लावलं.

"उंट मारायचाय का?" मुदीरने विचारलं. पण माझ्या तोंडाकडे बघून त्याने तीच बांधायला सांगितली.

खोका लांबलचक. मागच्या सीटवर आडवा बसेना, म्हणून मी डिकी उघडली. हिवाळ्यात वाळवंटात कॅम्पला नेलेल्या खुर्च्या, सतरंजी, शेगडी, सगळं तसंच कोंबलेलं होतं. ते बाहेर काढून फुटपाथवर ठेवत गेलो. शेवटची खुर्ची ओढली आणि टरफलांचा ढीग घसरत खाली आला.

मागे कोपऱ्यात पिशवी होती. तोंडाला सुतळी, सुतळीला आण्णांची गाठ, पार्सलाला मारायचे तशी दुहेरी. ती मी सोडलीच नव्हती. वसंतात एकाने ऑफिसात आणून दिली, त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती, पाचव्या मजल्यावर कोण नेणार, उद्या नेऊ म्हणून डिकीत खुर्च्यांमागे कोंबली. पिशवीला खालून मुठीएवढं भोक होतं. शेजारी सतरंजीच्या चिंध्या आणि वायरींचे रंगीत तुकडे नीट गोल रचलेले.

"हे काय?" मुदीरने विचारलं.

"शेंगा. वडिलांनी पाठवलेल्या."

 खोका स्वतःच उचलून पुढची सीट मागे पाडून मुदीरने बसवला आणि आपण मागे जाऊन बसला.

मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. दातांनी सोडली. तळाला अकरा शेंगा उरल्या होत्या. बाकीच्या उंदराने एकूण एक खाल्ल्या होत्या, दाणा न सांडता. आण्णांना मी जे सांगितलं होतं ते त्याने खरं करून ठेवलं होतं.

कुणावर तरी काढायचा म्हणून इतके दिवस जपलेला राग हातात तसाच होता. डिकीच्या कडेवर बसून मी एक शेंग फोडली. उन्हाळाभर तापून दाणे काळे पडले होते, जीभ वळेल इतके खवट. थुंकायची परवानगी मी स्वतःला दिली नाही. अकराही खाल्ल्या.