शिंगांना बुटाचं पॉलिश

काल बेंदराच्या सणाला बैलाची शिंगं रंगवायचा हिंगूळ आणायला विसरलो आणि त्यांना चक्क बुटाचं पॉलिश फासलं. त्या वासानं मी थेट लढाई संपली त्या वर्षात जाऊन पडलो.

पलटणीनं विचारलं होतं, फौजेतून नाव कमी करून घरी जाता, की आसामला बदलीवर? पगार बंद होईल या धास्तीनं मी आसाम ठरवलं होतं. रजेच्या शेवटी, बेंदरादिवशीच, अंगणात पॉलिश लावून बूट घासत बसलो होतो.

बायको म्हणाली, "जावा की. आधी बैल तेवढा मिरवून आणा." आणि तिनं कासरा हातात दिला. वेशीपाशी बैलानं माझं कोपर चाटलं. परत आलो आणि बूट खुंटीला टांगले. तो निर्णय माझाच, असं मी आजवर ऐटीत सांगत आलो.

काल ती काळी शिंगं बघून बायको म्हणाली, "आवं, आता ह्यो बैल पॉलिश लावून आसामला निघाला, तर कासरा कुणाच्या हातात देऊ?"