ताईंच्या शालीची तालीम

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या नवऱ्याला ढकलत होत्या.

पार्किन्सनच्या माणसांनी पडू नये म्हणून ताई त्यांना तोल सांभाळायला शिकवतात. त्यांचा वर्ग इंदिरानगरला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतो. आम्ही पिंपळगाव बसवंतहून एसटीने आलो होतो. मी चपला ठेवायला जागा शोधत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांना कोणीतरी आत घेऊन गेलं. मी दारात येऊन बघते तर ह्यांच्या पाठीमागे भिंतीला गादी टेकवलेली, आणि पांढऱ्या केसांच्या, बारीक चणीच्या एक बाई ह्यांच्या छातीला हात लावून मागे लोटताहेत.

"ओ बाई, हात काढा आधी! पडले म्हणजे?" मी तिथूनच ओरडले.

ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पडणार नाहीत. पाय मागे टाकतील. हो ना, भाऊसाहेब?" असं म्हणून त्यांनी परत लोटलं. ह्यांनी पाय मागे टाकला आणि उभे राहिले. आणि हसले.

ते हसू बघून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. दुखणं लागल्यापासून घरात मी त्यांच्या तोंडावर हसू पाहिलं नव्हतं. गरम भाकरी दिली तरी तोंड तसंच, पुतण्याच्या लग्नात तसंच. आणि ह्या बाईंनी दोन धक्के दिले तर लगेच हसायला आलं.

ताईंच्या सत्कारासाठी जी समिती झाली आहे तिचे पाटीलकाका स्वतः ह्या वर्गात येतात. त्यांनी फोन केला, "वहिनी, ताईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत. गौरवग्रंथ काढतोय. तुम्हीही चार चांगले शब्द लिहा." मी सातवीपर्यंत शिकलेली, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरणारी बाई. म्हटलं, "काका, मला सजवून लिहिता येत नाही. खरं लिहीन. आणि खरं असं आहे की मला ताईंचा हेवा वाटतो." काका म्हणाले, "मग तसंच लिहा. आमची ही पण हेच म्हणते."

म्हणून लिहिते आहे.

आमचे हे टेम्पो चालवायचे. द्राक्षं, कांदा, जे असेल ते. हायवेवर सगळे त्यांना ओळखायचे, आवाज असा की चौकात बोलले तर घरात ऐकू यावं. मग हात थरथरायला लागला, पाय जमिनीला चिकटायला लागले, आवाज बसला. टेम्पो विकला. चालता चालता दाराशी आले की पाय उचलतच नाही, वरचं अंग मात्र पुढे जातं, आणि पडतात. एकदा पडून मनगट मोडलं. तेव्हापासून मी त्यांचा दंड सोडायचेच नाही. घरात, अंगणात, मोरीपर्यंत, सगळीकडे मी धरूनच न्यायचे.

ताईंनी पहिल्याच आठवड्यात तो हात सोडायला लावला. म्हणाल्या, "अलकाताई, तुम्ही ओढता, म्हणून त्यांचा तोल तुमच्याकडे जातो. त्यांचा त्यांना सापडू द्या."

"आणि सापडला नाही तर? माझं काय, मी बघत बसू?"

"जवळ राहा. पण धरू नका."

सांगायला सोपं आहे. ज्या हाताला धरायची सवय लागली तो हात रिकामा ठेवून उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्याचं माणूस पडतं त्याला विचारा.

दुसरी गोष्ट त्यांनी बंद केली ती हाक मारायची. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की हे गर्रकन मागे वळायचे आणि वळतानाच पडायचे. ताईंनी सांगितलं, मागून बोलवायचंच नाही. समोर जायचं, त्यांचं लक्ष आलं की बोलायचं. वळायचं असेल तर त्यांनी टेम्पो वळवतात तसं मोठा फेरा घेऊन वळायचं. ह्यांना ते टेम्पोचं लगेच पटलं. मीच आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, तुला काय कळतं गाडीतलं? आणि मी? माझा सगळा संसार चुलीपाशी बसून हाका मारण्यात गेलेला. आता चहा ठेवू का, एवढं विचारायला पीठभरल्या हाताने उठून त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं.

ताईंचं काम असं आहे. त्या व्यायामाची नुसती नावं सांगत नाहीत, माणूस घरात कुठे आणि कशाने पडतो ते विचारतात आणि तेच हॉलमध्ये करून घेतात. कोणी मोरीत पडतं, तर त्याला पाट मांडून त्यावर चढउतार. कोणी शर्ट घालताना पडतं, तर शर्ट बसून घालायचा, आणि उभं राहून नुसता हात बाहीत घालून बघायचा. पडल्यावर उठायचं कसं तेही शिकवतात. आधी कुशीवर व्हायचं, मग रांगत खुर्चीपाशी जायचं, खुर्ची धरून एक पाय रोवायचा, दम खायचा, मग उठायचं. रिटायर झालेले मोठे साहेब तिथे सतरंजीवर रांगतात आणि ताई त्यांच्या शेजारी स्वतः रांगतात. कोणाला लाज वाटत नाही. हे मी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे पाहिलेलं नाही.

त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहायचं तर एक सांगते. एका रविवारी त्या स्वतः एसटीने आमच्या घरी आल्या. का, तर भाऊसाहेब कुठे अडखळतात ते डोळ्यांनी बघायचं होतं. मी पुरणपोळी करायला बसले, आणि ह्या बाई माझ्या घरभर फिरून एकेक वस्तू हलवताहेत. दाराशी मी जुन्या साड्यांची पायपुसणी शिवून टाकली होती, ती उचलून ओसरीच्या दांडीवर ठेवली. "हिच्यात पाय अडकेल," म्हणाल्या. आमचे हे लगेच, "मी हिला कवाचं सांगत व्हतो, उचल ती."

"कधी सांगत होता? तुम्हीच तिच्यावर पाय पुसत होता!"

ताई हसल्या. हे बिनधास्त खोटं बोलून गंभीर चेहऱ्याने बसले. मग ताईंनी पिशवीतून पिवळी चिकटपट्टी काढली आणि जमिनीवर बसून उंबऱ्यापुढे आडव्या पट्ट्या चिकटवल्या. पाय चिकटला की पट्टीकडे बघायचं, अंग इकडून तिकडे झुलवायचं आणि पट्टी ओलांडायची. त्या पट्ट्यांवरून आमचे हे माझ्या देखत सहज पलीकडे गेले. मी इतके महिने "चला, पाय उचला, लवकर" म्हणत घसा कोरडा केला होता. एका पट्टीने झालं. बरं वाटलं, आणि रागही आला.

जेवताना मी ताईंना विचारलंच. "तुमच्याकडे हसतात, तुमच्याशी मोठ्याने बोलतात. माझ्यासमोर का नाही?"

ताईंचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, "ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात हो. मी वर्गात मुद्दाम मोठं हसायला लावते, मोठं बोलायला लावते. घरी ते आतून हसत असतील."

"आतून हसलेलं मला काय दिसतंय?"

ह्यावर ताईंनी अजून एक पुरणपोळी मागून घेतली. तेव्हापासून मला त्यांचा राग थोडा कमी येतो. हेवा कमी झालेला नाही.

आता सत्काराचं. ताई सत्काराला तयार नव्हत्या. समितीने फार गळ घातली तेव्हा त्यांनी अट घातली की कोणी पुढारी नको. शाल आणि नारळ भाऊसाहेबांनी द्यायचा. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ताट दोन्ही हातांत घेऊन चालत यायचं. हात कोणी धरायचा नाही.

मला ते पटलं नाही. हाताला काम दिलं की ह्यांचे पाय विसरतात, हे ताईंनीच मला शिकवलेलं. ताट हातात असलं तर पडताना हात टेकवायचा कशाने? तेही इतक्या लोकांसमोर? आणि मनातलं सांगायचं तर दुसरं पण होतं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने मला उभं करून काही दिलं नाही. साडी आणली तरी "घे गं, ती पिशवीत हाय बघ," असं. आणि ताईंना शाल.

तालीम घरी करायची होती. ताईंनी फोनवर सांगितलं, "समोर कोणीतरी उभं पाहिजे. अलकाताई, माझ्या जागी तुम्ही उभ्या राहा."

उभी राहिले. हे ओसरीतून निघणार, मी मधल्या घरात देवापुढे. ताटात नारळ आणि शालीच्या जागी टॉवेल. हात थरथरला की नारळ ताटात गडगडायचा. मी पॅकहाऊसच्या कागदाची चुंबळ करून त्याखाली ठेवली. ह्यांनी ती काढून टाकली. "तिथं कोण देणारे चुंबळ?"

पहिल्याच दिवशी उंबऱ्यापाशी नारळ कडेला आला, ह्यांनी नारळाकडे बघितलं, आणि तोल गेला. ताट एकीकडे, नारळ पलंगाखाली, हे जमिनीवर. मी धावले.

"थांब," ते म्हणाले. "लांब ऱ्हा."

मी थांबले. ते कुशीवर झाले. रांगत खुर्चीपाशी गेले. एक पाय रोवला, दम खाल्ला. माझे हात असे पुढे आलेले, मी ते पदरात गुंडाळून धरले. ते उठले. मग म्हणाले, "नारळ काढ गं खालून."

लागलं काही नव्हतं. तरी मी ताईंना फोन लावला. "दुसरं माणूस बघा. तुमच्या सत्कारासाठी माझा नवरा मोडून घ्यायचा नाही मला."

ताई म्हणाल्या, "त्यांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? पडले तर उचलायला मी आहे!"

"आज उचललंत?"

मी फोन ठेवून दिला. दोन दिवस तालमीला उभी राहिले नाही. आमचे हे मात्र रोज सकाळी ताट घेऊन ओसरीत उभे. मी नाही म्हटलं तर खुंटीसमोर चालत जायला लागले. शेवटी म्हटलं, खुंटीपेक्षा मी बरी.

आणि मग एक दिवस ते आले. ताईंनी सांगितलं तसं नारळाकडे न बघता माझ्याकडे बघत, पट्टी ओलांडून, सावकाश. ताट स्टुलावर ठेवलं. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, नारळ माझ्या ओंजळीत दिला, आणि समारंभात म्हणायचं वाक्य म्हणाले, मोठ्या आवाजात, टेम्पोवाल्या आवाजात. "तुम्ही आमच्यासाठी फार केलं."

"कोणाला म्हणताय?"

"ताईंना म्हणायचंय ते."

"मग परत म्हणा. मला नीट ऐकू आलं नाही."

परत म्हणाले. चेहरा तसाच, लाकडासारखा. पण मी अगदी समोर होते. डोळे बारीक झाले होते. टेम्पोत बसून मला चिडवायचे तेव्हा अगदी असेच व्हायचे.

तेव्हापासून रोज सकाळी माझा सत्कार होतो. पॅकहाऊसला जायला उशीर होतो, मुकादम बोलतो. बोलू दे. ताईंनी मला त्यांच्या जागी उभं केलं ते तालमीसाठीच की अजून कशासाठी, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तरी त्या पुरणपोळीच मागतील.

काल हे म्हणाले, "त्या दिवशी तू ताईंच्या मागं उभी ऱ्हा. मला तुझ्याकडं चालायची सवय लागलीय. तू दिसली नाय तर पाय चिकटतील."

म्हणजे चालायचं माझ्याकडे, आणि शाल वाटेत ताईंना. हे मला चालेल.

ताई, तुम्ही साठ वर्षांच्या झालात. अजून खूप वर्षं जगा, गुडघे धड राहोत, जमिनीवर बसून पट्ट्या चिकटवता येवोत, आणि तुमचा स्वतःचा पाय कधी कुठे न अडखळो. कधी अडखळलाच, तर उठायचं कसं ते आमच्या घरात आता दोघांना येतं. मी धावत येईन आणि धरणार नाही.

एवढंच सांगते, सत्काराच्या दिवशी शाल घेताना जरा डाव्या बाजूला सरकून उभ्या राहा. तुमच्यामागे मी झाकले जाता कामा नये.

अलका भाऊसाहेब
पिंपळगाव बसवंत