बारा गावरान अंडी घेऊन सांगलीच्या भट्टीपर्यंत

माफ करा, लिहायला उशीर झाला. जाऊन येऊन तीन आठवडे होऊन गेले. मी सातवीपर्यंत शिकलेला, मोबाइलवर एकेक अक्षर शोधून लिहितो. दोनदा लिहिलं आणि लोक हसतील म्हणून दोनदा पुसलं. पण माझ्या वयाच्या कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून आता पुरं करतो.

विषय केकचा. माझ्या सूनबाईनं, वंदनानं, लग्नाच्या वाढदिवसाला दुकानातून केक आणला. मी म्हणालो, हा केक नाही, दाढीचा साबण आहे. केक म्हणजे सांगलीच्या खणभागातल्या भट्टीतला. कुपवाडला कारखान्यात लेथवर होतो तेव्हा आम्ही घरचं तूप, साखर, मैदा, अंडी नेऊन द्यायचो आणि बेकरीवाला समोर घोटून भाजून द्यायचा.

वंदना म्हणाली, "मामा, वीस वर्षं ऐकतीया. एकदा दाखवा तरी."

"आणतो," मी म्हणालो. तोंडातून गेलं आणि लगेच पस्तावलो. कारण मागच्या हिवाळ्यात मी कराडच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत बसून पाटणला पोचलो होतो. तेव्हापासून मला एकट्यानं प्रवासाला बंदी आहे. खरं सांगतो, माझाही धीर सुटला होता.

"जावा," ती म्हणाली. "पण काय घोटाळा झाला तर परत एकट्यानं जायाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

कबूल केलं. त्या रात्री झोप लागली नाही.

सामान असं घ्यावं: अर्धा किलो मैदा, तेवढीच पिठीसाखर, तेवढंच तूप, बारा अंडी. अंडी मी दारावर येणाऱ्या बाईकडून गावरान घेतली आणि पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात पुरली. साताऱ्याहून सकाळी सहाची सांगली गाडी धरली. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत पैसे पडत नाहीत, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. मी दोन्ही खिशांत एकेक झेरॉक्स आणि पिशवीत मूळ कार्ड ठेवलं होतं.

महामार्गाचं काम चालू आहे. गाडी खाली उतरते, वर चढते, आणि प्रत्येक खड्ड्याला मी डबा मांडीवरून उचलून धरत होतो. शेजारचा म्हणाला, "आवं, बाँब हाय का काय डब्यात?" अंडी आहेत म्हटल्यावर तो जरा लांब सरकला. कराडला सगळे वडापाव खायला उतरले. मी उतरलो नाही. गाडी बदलली तर?

सांगलीला दहा वाजले. स्टँडवरून खणभाग चालत वीस मिनिटं, रिक्षानं पाच. बेकरी बंद झाली असेल, इमारत पाडली असेल, मालक बदलला असेल, असं म्हणत गेलो. गल्लीच्या तोंडाशी भाजलेल्या पावाचा वास आला आणि माझे पाय भराभर पडायला लागले.

भट्टी तीच, लाकडाची. आता इक्बालभाई चालवतात. त्यांच्या वडिलांच्या हातचा केक मी खाल्लेला. सकाळचे पाव निघाले की भट्टी निवत येते, तो केकचा ताव. म्हणून बाहेरचं सामान दहा ते बारा एवढ्या वेळातच घेतात. किलोमागे ऐंशी रुपये मजुरी. डबा उघडला. बाराच्या बारा अंडी शाबूत.

माझ्या पुढं कुपवाडच्या एक बाई स्कूटरवरून सामान घेऊन आल्या होत्या. दोघांचं सामान वेगवेगळं घोटून साच्यांत ओतलं, त्यांचे चार साचे, माझे चार. इक्बालभाईंनी पत्र्याच्या साच्यांवर खडूनं आकडे टाकले आणि भट्टी साफ करायला वळले. मी पाहिलं तर साच्यांवर तूप ओघळलेलं. मला असलं बघवत नाही. रुमाल काढून माझे चारही पुसले. हात लागलाच होता म्हणून बाईंचेही पुसून दिले.

पाऊण तासानं आठ साचे बाहेर आले. आठही सारखे फुगलेले, सारखे तांबूस, आणि आकडा एकावरही नाही.

"खडू कुणी पुसला?" इक्बालभाईंनी विचारलं. मी रुमाल खिशात घातला, पण बाईंनी पाहिला.

"आवं काका, माजं तूप घरच्या म्हशीचं हाय. मी दुसऱ्याचा डालडा घरी न्यायची न्हाई."

"माझंही तूपच आहे," मी म्हणालो. डोळ्यांपुढं वंदना दिसत होती. दुसऱ्याचा केक घेऊन घरी गेलो तर तो घोटाळाच.

इक्बालभाईंनी आठही साचे फळीवर ओळीनं मांडले. मग म्हणाले, "अंडी कसली दोघांची?"

"पोल्ट्रीची," बाई म्हणाल्या.

"गावरान," मी म्हणालो.

"मंग झालं की." त्यांनी प्रत्येक केकचा कोपरा सुरीनं उडवला. चार आतून फिकट निघाले. चार हळदीसारखे पिवळेधमक. "काका, हे तुमचे. आन् लय दिवसांनी असला रंग बगितला भट्टीत."

उडवलेले कोपरे आम्ही तिघांनी वाटून खाल्ले. वर जरासा कडक पापुद्रा, आत ओलसर, वेलदोडा, आणि मागून लाकडाचा हलका धूर. अगदी तोच केक. बाईंनी माझा दुसरा तुकडाही उचलला. "काका, पुढच्या खेपेला अंडी कुटनं आणली ते सांगा," म्हणाल्या, आणि मला स्कूटरवरून स्टँडला सोडलं. "घट्ट धरा," म्हणाल्या. "मला न्हाई, केकला." भर बाजारातून मी असा गेलो की वरातीत काय कुणी जाईल.

परतीच्या गाडीत कंडक्टरला तीनदा विचारलं, साताराच ना? तो म्हणाला, "आजोबा, आता चौथ्यांदा इचारलं तर खरंच पाटणला नेतो." त्याला पाटणचं कुणी सांगितलं? मीच, दुसऱ्यांदा विचारताना.

सहाला घरी. वंदना दारातच उभी होती. आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग केककडं. उभ्याउभ्या एक फोड खाल्ली. मग खाली बसून दुसरी. तिसरी फोड बशीत घेतली आणि म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी तूप मी कढवून देते. विकतचं नका नेऊ."

पुढच्या वेळी. मी मान हलवली आणि आत जाऊन कॅलेंडर पाहिलं.

तीन आठवडे तेच पाहतोय. तुमच्याकडं, वाईला, फलटणला, मिरजेला, कुठं अशी लाकडाची भट्टी असेल, बाहेरचं सामान घेत असतील, तर पत्ता आणि गाडीची वेळ खाली लिहा. पण लवकर कळवा, वंदनाचं मन फिरायच्या आत.