खिडकीसमोरच्या चपला

सरकारी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला किस्से शोधायला लागत नाहीत. ते खिडकीतून आत हात घालतात! सिल्वासात आल्यापासून मी ते मैत्रिणींना चहावर ऐकवत आलेय. आज त्याच मैत्रिणी डबा घेऊन हॉस्पिटलात आल्यात, कारण काल सकाळी ह्यांच्या छातीत दुखलं आणि हे दुसऱ्या मजल्यावर भरती आहेत. डॉक्टर म्हणतात, थांबा. मैत्रिणी म्हणतात, बस आणि बोल. बसवत नाही. उभ्यानेच सांगते.

*

खिडकी आठला उघडते, खानवेलची पहिली बस त्याआधीच येते. मग माणसं चपला लाइनीत ठेवतात आणि स्वतः शेडखाली जाऊन बसतात. राखण आमच्या वॉचमन पाटलांची. ते धुळ्याकडचे, आवाज खणखणीत. "कोनी दुसऱ्याची चप्पल मागे सारायची नाही भो!"

एकदा मुंबईहून बदलून आलेले एक साहेब थेट खिडकीशी आले. "मला लाइनीत उभं राहायची सवय नाही."

पाटील म्हणाले, "उभं कशाला राहता साहेब? चप्पल ठेवा ना!"

*

एक नवीन डॉक्टर आले होते. चपलांची रांग बघून त्यांना वाटलं, इथे अनवाणीच आत जायचं असतं. बिचाऱ्यांनी बूट काढून शिस्तीत शेवटी ठेवले आणि मोज्यांवर ओपीडीत गेले. लाइन सरकली तसे मागच्यांनी इमानदारीने बूटही सरकवले. तासाभरात बूट माझ्या खिडकीशी!

"बूटवाले कोन? नंबर आला!" पाटील ओरडले.

डॉक्टर धावत आले. मी पेन उचललं. "नाव? वय? काय होतंय?"

*

जरा थांबा हं, वरून सिस्टरने हाक मारल्यासारखं वाटलं. नाही. दुसऱ्या कोणाला तरी.

हां, तर राखोलीच्या फॅक्टरीतला एक जण. अंगठा मशीनमध्ये आलेला, पट्टी बांधून निघाला तो परत आत. "डॉक्टरसाहेब, कंपनीत हजेरीला अंगठा लागतो. एक चिठ्ठी द्या ना, की अंगठा माझाच आहे, पण पट्टीच्या आत आहे!"

डॉक्टरांनी दिली. सहीशिक्क्यासकट!

*

आणि रामजीबाबा. हे खानवेलच्या आतल्या पाड्यावरचे. त्यांची म्हातारी पंधरा दिवस वरच्या वॉर्डात आहे. तरी बाबा रोज सकाळी चपला लाइनीत लावतात. खिडकीपर्यंत आल्या की उचलतात आणि पुन्हा शेवटी नेऊन ठेवतात.

मी एकदा समजावलं, "बाबा, आजी भरती आहेत. आता नंबर लागत नाही."

"रहू दे बाय," ते म्हणाले. "लाइन सोडली तं डाक्टर तिला विसरंल."

मी हा किस्सा हसत हसत किती जणांना सांगितलाय! तुम्हालाही सांगितला होता. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

*

आज सकाळचीच गोष्ट. अख्खी रात्र वरच्या बाकावर काढली. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र आहे, सगळे डॉक्टर नावाने ओळखतात, तरी उत्तर तेच, थांबा. हा शब्द मी खिडकीतून दिवसाला शंभरदा बोलते. ऐकायला किती वाईट असतो, ते काल कळलं.

सातला खाली आले. चपला लागायला सुरुवात झाली होती. बाबांचा नंबर आज पहिला होता. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मग सँडल काढल्या आणि लाइनीत ठेवल्या. पाटील बघत होते.

बाबांनी विचारलं, "कोन हाय वर?"

"नवरा."

बाबा वाकले. माझ्या सँडल दोन्ही हातांनी उचलल्या आणि आपल्या चपलांच्या पुढे नेऊन ठेवल्या.