पोचवायला आलेली माणसं

"अरे, उतरा खाली! गाडी हलली!"

नागपूर स्टेशनावर एक घामेजलेला तरुण डब्यामागे धावत ओरडत होता. पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता तोच. पोचवायला आलेलं अख्खं घराणं त्याचं सामान लावायला आत शिरलं आणि हा संत्री घ्यायला खाली उतरला!

आमच्याकडे एक जण गावाला निघाला की अर्धी सीताबर्डी ओस पडते. हे एवढं स्टेशन बांधलं ते गाड्यांसाठी नव्हेच, ह्या पोचवणाऱ्यांसाठी. मायेचं असंच असतं, जाणाऱ्याच्या आधी तीच गाडीत चढून बसते.

खिडकीतून त्याची आत्या सवयीनं हात हलवत होती, "पोचल्यावर फोन कर रे, बापू!"

"आता नोकरीचं कसं, भाऊ?" मी विचारलं.

संत्रं सोलत तो म्हणाला, "पाहू. सध्या तर घराची किल्लीही आत्याजवळच आहे."