शिल्लक लोकरीची उलटतपासणी

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो मामांच्या भीतीनं कुठंतरी लपून बसला असणार. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राहतात मुरबाडला. उभा जन्म त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढला, तोही बहुतेक मुरबाड-माळशेज रस्त्यावर. निवृत्त झाले तेव्हा तिकिटांची पेटी त्यांनी डेपोत जमा केली, पण संशय मात्र घरी घेऊन आले. गाडीत डोळे मिटून बसणाऱ्याकडे तिकीट नसतं, हा त्यांच्या साऱ्या नोकरीचा निचोड. तो ते कुठंही लावतात. मामींचे एक चुलते तापानं फणफणून पडले होते, घरचे सगळे चिंतेत उशापायथ्याशी बसलेले, आणि मामा दारातूनच म्हणाले, "झोपला नाय तो. डोळे बगा कसे घट्ट मिटलेत. कायतरी लपवतोय." मामींनी कपाळावर हात मारून घेतला. पण उशी सारखी करायला गेले तर खालून भज्यांचा पुडा निघाला. तेव्हापासून मामांना आवरणं कठीण झालं. आमच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून ते बायकोला घेऊन बोहल्याशी आले, तेव्हाही अंतरपाटाच्या वरून मला नीट निरखून घेत त्यांनी विचारलं होतं, "शेवटपर्यंत जाणार ना? की मधेच उतरणार?" मामी म्हणतात, "आमच्या देव्हाऱ्यातले देवसुद्धा पास दाखवून बसलेत."

अशा माणसानं रिकामपणी काय करावं? मामा टोप्या विणायला लागले. तिकिटं फाडून फाडून सरावलेल्या बोटांना घरी काही काम उरलं नाही, ती मांडीवर नुसती चाळवत बसायची. शेवटी मामींनी वैतागून त्यांच्या हातात दोन सुया दिल्या आणि उलट-सुलट टाके शिकवले. आता मुरबाडात भरदुपारी ओटीवर बसून, झुपकेदार मिशा असलेला पुरुषमाणूस गुलाबी कानटोपी विणताना दिसला तर लोक संशयानं बघणारच. बघायचेही. मामांना त्याचं काही वाटलं नाही, उलट लोक आपल्यासारखे सावध झाले याचं समाधानच वाटलं.

लोकर मात्र ते विकत आणत नाहीत. बायका स्वेटर विणतात, त्यातून उरलेली लोकर पिशवीत, ट्रंकेत, माळ्यावर पडून असते, ती मागून आणतात. मागून आणतात म्हणजे काय, तर चौकशी करतात. एका बाईंनी कौतुकानं अर्धा गुंडा आणून दिला, तर मामा हात पुढं करायच्या आधी म्हणाले, "उरली कशी?"

"उरली अशीच, मामा."

"अशीच नाय उरत. कायतरी झाल्याबिगर बाई विणायची थांबत नाय. काय झालं ते सांगा, मग घेतो."

त्या बाई आधी हसल्या, आणि मग ज्या दिरासाठी स्वेटर विणायला घेतला होता तो न सांगता वेगळा कसा राहायला गेला, हे मामांच्या ओटीवर बसून सांगत राहिल्या. मामींनी मधे चहा केला. जाताना बाईंचा चेहरा जरा हलका झाला होता असं मामी सांगतात. मामा तेवढंच सांगतात की माल तपासून घेतला. कुणी थाप मारली तर त्यांना लगेच कळतं आणि गुंडा परत जातो. मुरबाडातल्या निम्म्या घरांतली भांडणं मामांना माहीत आहेत, ती या उरलेल्या लोकरीमुळं.

विणलेल्या टोप्या थंडीच्या तोंडाला सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांवर आणि टोकावड्याच्या बाजूला जातात. तिथं डोंगराचा गारठा पहाटे चांगलाच झोंबतो. पण टोपी दिली आणि सुटलो, असं मामांचं नाही. महिन्याभरानं ते टोकावड्याला गाडीत चढतात आणि मधल्या वाटेनं चालत एकेकाच्या डोक्याकडं बघतात. "टोपी? तुझी टोपी कुठाय रे? दाखव." पोरं दप्तरातून टोप्या काढून घाईघाईनं डोक्यावर चढवतात. गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी त्यांना एका म्हातारीच्या मांडीवर आपली टोपी सापडली, आणि टोपीत गावठी अंडी.

"ही डोक्यात घालायला दिली होती, आजे," मामा कडाडले.

"डोक्याला काय होतंय?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "तेल लावलं का झालं. अंडी फुटली तर त्यांना काय लावू?"

घरी येऊन मामांनी दोन दिवस विचार केला आणि म्हातारीसाठी बसक्या बुडाची एक खास अंड्यांची टोपी विणून दिली. आता ते दोन्ही टोप्या तपासतात.

एवढं सगळं सांगितलं, पण आमच्या घरी मामा कधी पायरी चढत नसत हे सांगायचं राहिलं. माझ्या सासूबाई आमच्याकडेच, शहापूरजवळ सापगावात राहतात. त्या मामांची थोरली बहीण. मामा त्यांना बाय म्हणतात. म्हणजे म्हणत असत. माझी बायको लहान असताना सासूबाई एका थंडीत तिला घेऊन मुरबाडहून टोकावड्याला माहेरी निघाल्या, आणि गाडीवर नेमके मामा. बहिणीनं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट मागितलं. मामांनी भाचीकडे बघितलं. तिच्या अंगात मोरपिशी स्वेटर होता आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या होत्या. मामा म्हणाले, "बाह्या आखूड पडल्यात. पोरगी वाढलीय. बारा पुरी झाली का नाय, खरं सांग." भरल्या गाडीत सगळ्या माना वळल्या. सासूबाईंनी पूर्ण तिकिटाचे पैसे मामांच्या हातावर ठेवले, आणि सरळगावच्या पुढं गाडी थांबवून पोरीसकट खाली उतरल्या. टोकावड्यापर्यंत चालत गेल्या. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. मामांचं म्हणणं, "बहीण म्हणून सोडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गाडीला बहिणी झाल्या असत्या." लग्नकार्यात दोघं समोरासमोर आली तरी भिंतीला उद्देशून बोलायची.

भाऊबीजेला तर मला बघवत नसे. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. सासूबाई, हाकेच्या अंतरावर म्हणावा असा भाऊ मुरबाडात धडधाकट असताना, दर भाऊबीजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायच्या. हे कुणीतरी मामांच्या कानावर घातलं होतं. माझी बायको म्हणायची, "मी हाफ होते की फुल, यात माझं आजोळ गेलं." हसत म्हणायची, पण म्हणायची.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास सासूबाईंनी मला हाक मारली. हातात कापडी पिशवी, आत मोरपिशी लोकरीचे गुंडे. म्हणाल्या, "जावईबापू, येवढी मुरबाडच्या गाडीत ड्रायव्हरकडं द्या. त्यांच्या घरी पोचवायला सांगा. नाव नका सांगू." मी विचारलं, "मग द्यायची कशाला?" तर म्हणाल्या, "कसर लागंल पडून पडून. आनखी काय?" मी पिशवी दिली. यात मी काही वावगं केलं नाही, तरी त्या दिवसापासून मला चोरासारखं वाटत होतं.

दोन दिवसांत मामा आमच्या दारात हजर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पायरीवरच बसले, आत आले नाहीत. सासूबाई आतल्या खोलीत वाल सोलत होत्या. सालं टाकल्याचा आवाज थांबला.

"बेवारस माल हाय," मामा पिशवी माझ्यापुढं ठेवत म्हणाले. "ड्रायव्हर सांगतो, शहापूरला एका चष्मेवाल्यानं दिली. शहापुरात चष्मेवाले किती असतील, जावईबापू?"

"पुष्कळ," मी चष्मा पुसत म्हणालो.

"उरली कशी, ते म्हाईत नाय. त्याबिगर आपन सुई लावत नाय." असं म्हणून त्यांनी गुंड्याचं टोक उलगडून बोटांत धरलं. नवी लोकर सरळ असते. हिला बारीक बारीक वळ्या पडलेल्या होत्या, उसवलेल्या स्वेटराच्या लोकरीला पडतात तशा. मामा त्या वळ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी ती उजेडात धरली, रंग बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण तसा चेहरा कधी बघितला नव्हता.

"ही उरलेली नाय," ते हळूच म्हणाले. "ही उसवलीय." पिशवी काखेत मारली आणि चहा न घेता निघून गेले.

भाऊबीजेच्या दिवशी दिवस कलताना ते परत आले. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तबक तयार केलं होतं, अंगणात चंद्राची कोर दिसायची वाट बघत होत्या. मामांच्या हातात एक मोरपिशी कानटोपी. लहानशी, पोरीच्या डोक्याची.

सवयीनं ते मलाच म्हणाले, "सांगा तुमच्या सासूबायना, हाफच्या मापाची विणलीय. पोरगी हाफचीच होती. माझी नजर चुकली."

सासूबाईही मलाच म्हणाल्या, "सांगा त्यांना, काय नाय चुकली. पोर बारा पुरी करून तेराव्यात होती. बाह्या खोटं बोलत नायत." मग माझ्याकडं बघायचं सोडून त्या वळल्या. "पन माझ्या भावानं मला चारचौघांत ईचारायला नको होतं रे."

मामांनी मान खाली घातली. "नको होतं गो, बाय," एवढंच म्हणाले.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, पाट मांडला. "बस. आनि बोडक्या डोक्याला ओवाळत नायत, टोपी घाल." साऱ्या तालुक्याच्या डोक्यांवर टोप्या घालणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी एकही विणलेली नव्हती. तेव्हा तीच मोरपिशी टोपी डोक्यावर चढवण्यात आली. ती कानांपर्यंत काही येईना, टकलावर नुसती टेकून राहिली. कुणी हसलं नाही.

बाहेर कोर दिसू लागली होती, पण तिकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सासूबाई तबक फिरवत होत्या, निरांजनाचा उजेड त्या झुपकेदार मिशांवर पडला होता. मामांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. डोळे मिटून बसणारा काहीतरी लपवतो, हे आयुष्यभर त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांना कुणीच काही विचारलं नाही.